कपाशीतील निंदण आणि बिनपावतीचे बियाणे

कपाशी हे मंद सुरुवातीचे पीक होय. टोकणीनंतर पहिला महिना-सव्वा महिना ते जमिनीखाली मुळांची बांधणी करण्यात गुंतलेले असते. वरून पाहणाऱ्यास दोन-चार पानांचे रोप दिसते, आणि दोन ओळींमधील तीन-चार फुटांची जमीन उघडी राहते. या उघड्या जमिनीवर पडणारा पाऊस, ऊन आणि ओळीला दिलेले खत यांचा पहिला वाटेकरी तण असतो. टोकणीपासूनचे सुमारे साठ दिवस या स्पर्धेचे दिवस समजले जातात. आर्द्रा नक्षत्रात लावलेल्या कपाशीच्या बाबतीत ही मुदत मघा नक्षत्र लागेपर्यंत येते. त्यानंतर पऱ्हाटीची सावली ओळीत पसरते व नवे तण आपोआप दबते. परंतु या साठ दिवसांत शेत निर्मळ राहिले नाही, तर उत्पन्नात निम्म्याहून अधिक घट येऊ शकते. आणि पुढे कितीही खत दिले, कितीही फवारण्या केल्या, तरी ती घट भरून निघत नाही. 'तण खाई धन' ही म्हण आपल्याकडे सर्वांस पाठ आहे. मात्र ते धन नेमके कोणत्या आठवड्यांत खाल्ले जाते, याकडे पुरेसे लक्ष दिले जात नाही.

महाराष्ट्रात कपाशीखाली सुमारे ४० लाख हेक्टर क्षेत्र असते व त्याचा फार मोठा भाग कोरडवाहू आहे. विदर्भातील काळ्या, चिकण जमिनीत तणाचा प्रश्न विशेष बिकट होतो, तो झडीमुळे. जुलै महिन्यात आठ-आठ दिवस झड लागली म्हणजे जमिनीस वाफसा येत नाही. डवरा चालत नाही, बैल चिखलात रुततात, निंदणाऱ्या बायांना ओळीत बसता येत नाही. तण मात्र एक दिवसही थांबत नाही. झड उघडते तेव्हा गावातील प्रत्येक शेत एकाच वेळी निंदणास आलेले असते, आणि मजुरांच्या टोळ्या तेवढ्याच. ज्याच्याकडे रोख पैसा आहे त्याचे शेत आधी निघते. ज्याला मजुरी उधार ठेवावी लागते, त्याच्या शेतात तण गुडघ्याएवढे होते. पूर्वी घरोघर बैलजोडी असे व उघडीप मिळताच डवरा जुंपता येई. आता बैलजोडी कमी झाली असून, भाड्याने डवरणी करणाऱ्याची वाट पाहण्यातच वाफसा निघून जातो.

याच अडचणीच्या दाराने 'चोर बीटी' गावात शिरले, हे आधी मान्य केले पाहिजे. तणनाशक सहनशील अशा या कपाशीवर ग्लायफोसेट हे तणनाशक फवारले असता तण मरते आणि पीक उभे राहते. वनस्पतीस आपल्या वाढीसाठी काही अमिनो आम्ले स्वतः तयार करावी लागतात. त्या कामी येणारे एक विकर ग्लायफोसेटमुळे बंद पडते व वनस्पती काही दिवसांत पिवळी पडून वाळते. जमिनीतील एका जिवाणूपासून घेतलेल्या जनुकामुळे सहनशील कपाशीचे हे काम अडत नाही. विज्ञान म्हणून यात गूढ असे काही नाही. अमेरिकेत अशी कपाशी १९९७ पासून शेतकऱ्यांच्या हाती आहे.

आपल्या देशात बोंडअळीस प्रतिकार करणाऱ्या बीटी कपाशीस २००२ मध्ये व तिच्या दुसऱ्या पिढीस २००६ मध्ये रीतसर मान्यता मिळाली. तणनाशक सहनशील कपाशीची गोष्ट निराळी आहे. तिच्या चाचण्या झाल्या. परंतु मान्यतेसाठी केलेला अर्ज महिको कंपनीने २०१६ साली मागे घेतला, आणि २०२५ च्या खरिपापर्यंत तरी असे कोणतेही वाण लागवडीसाठी मान्य झालेले नव्हते. पर्यावरण संरक्षण अधिनियम, १९८६ व त्याखालील १९८९ चे नियम यांनुसार अशा मान्यतेखेरीज जनुकीय फेरफार केलेले बियाणे विकता किंवा लावता येत नाही. तरीही २०१७ च्या हंगामात अनेक राज्यांतील शेतांत ते आढळून आले. १० जून २०१९ रोजी अकोला जिल्ह्यातील अकोली जहांगीर येथे शेतकरी संघटनेने या बियाण्याची उघडपणे लागवड करून बंदीचा निषेध केला. त्या दिवशी जमलेल्या कास्तकारांची मागणी तंत्रज्ञान निवडण्याच्या स्वातंत्र्याची होती. तिच्याशी कोणी सहमत असो वा नसो, तिच्यामागे निंदणाच्या खर्चाची खरी वेदना होती, हे नाकारण्यात अर्थ नाही.

ग्रामपातळीवरील पुष्कळ कार्यकर्ते या प्रश्नाकडे केवळ जप्ती आणि गुन्हा या दृष्टीने पाहतात. दरवर्षी मे-जूनमध्ये भरारी पथके निघतात, पाकिटे पकडली जातात, वर्तमानपत्रांत बातमी येते. ते काम आवश्यकच आहे. पण ज्या शेतकऱ्यास 'हे बियाणे लावू नकोस' एवढेच सांगितले जाते आणि 'मग झडीनंतर तण कसे काढू?' या त्याच्या प्रश्नास उत्तर दिले जात नाही, तो पुढच्या वर्षी दुप्पट गुप्तपणे तेच बियाणे आणतो. सल्ला देणाऱ्याने प्रथम त्या बियाण्याची खरी किंमत हिशेबाने मांडून दाखविली पाहिजे, आणि नंतर उपलब्ध साधनांनी तेच काम कसे होते, तेही शेतात उभे राहून दाखविले पाहिजे.

हिशेबाची पहिली बाब झडीचीच आहे. ग्लायफोसेट पानांतून शोषले जाते. फवारणीनंतर काही तास पाऊस आला तर औषध धुऊन जाते. म्हणजे ज्या झडीत डवरा चालत नाही, त्याच झडीत ही फवारणीही चालत नाही. दोघांनाही उघडीप लागते. दुसरे असे की, हे औषध मातीच्या कणांना घट्ट चिकटून निष्क्रिय होते. नाल्याच्या किंवा डबक्याच्या गढूळ पाण्यात ते मिसळले तर पंपातच त्याची निम्मी शक्ती जाते. पावसाळ्यात शेतावर स्वच्छ पाणी आणून ठेवणारे शेतकरी किती आहेत? आणि जमिनीत त्याचा अंमल राहत नसल्यामुळे पुढच्या सरीनंतर उगवणारे तण त्यास मुळीच जुमानत नाही. सबब दुसरी, कधी तिसरीही फवारणी करावी लागते. विक्रेता 'एका फवारणीत वर्षाची चिंता मिटली' असे सांगतो, तेव्हा या गोष्टी तो सांगत नाही.

दुसरी बाब केन्याची. केना आपल्या प्रत्येक शेतकऱ्यास ठाऊक आहे. निळ्या फुलांचे, रसाळ कांड्यांचे हे तण पावसाळ्यात बांधापासून ओळीपर्यंत पसरते. कित्येक घरांत त्याची भाजी अथवा भजीही होतात. हाच केना अमेरिकेतील जॉर्जिया राज्यात कपाशीच्या शेतांत पूर्वी क्वचित दिसे. तणनाशक सहनशील कपाशी तेथे सर्वत्र झाली, डवरणीसारखी मशागत मागे पडली, जमिनीत टिकून राहणारी जुनी तणनाशके वापरणे शेतकऱ्यांनी सोडून दिले, आणि ग्लायफोसेट हेच एकमेव हत्यार राहिले. केना मुळातच या औषधास फारशी दाद देत नाही. त्याचे सोबती मेले, जागा रिकामी झाली, आणि २००० नंतरच्या अवघ्या चार-पाच वर्षांत तो तेथील कपाशीतील सर्वांत त्रासदायक तणांत गणला जाऊ लागला. जे तण तेथे परके होते, ते आपल्याकडे तर घरचेच आहे. एकाच औषधाचा मारा येथे वर्षानुवर्षे सुरू राहिला तर कोणते तण उरेल, हे सांगण्यास ज्योतिष्याची गरज नाही.

त्याच राज्यात २००५ साली माठाच्या कुळातील एका तणामध्ये ग्लायफोसेटविरुद्ध प्रतिकारशक्ती निर्माण झाल्याचे सिद्ध झाले. आपला तांदुळजा व राजगिरा ज्या कुळातील, त्याच कुळातील हे पामर नावाचे तण होय. त्याच्या एका मादी झाडास काही लक्ष बिया धरतात, आणि प्रतिकारशक्ती परागांबरोबर वाऱ्याने शेजारच्या शेतातही जाते. थोड्याच वर्षांत तेथील मोठमोठ्या यंत्रधारी शेतकऱ्यांवर मजूर लावून हे तण हाताने उपटण्याची आणि खोल नांगरट पुन्हा सुरू करण्याची पाळी आली. जे निंदण टाळण्यासाठी बियाणे घेतले, तेच निंदण परत आले, आणि तेही अधिक महागाचे. त्यावर उपाय म्हणून डायकांबा या दुसऱ्या तणनाशकास सहनशील असलेले बियाणे काढण्यात आले. तेव्हा २०१७ च्या एकाच हंगामात सुमारे ३६ लाख एकर सोयाबीन पिकास त्या औषधाची बाधा झाल्याचा अंदाज तेथील विद्यापीठाच्या शास्त्रज्ञांनी काढला.

परदेशातील दाखला काहींना दूरचा वाटेल. त्यांनी २०१७ चा आपलाच हंगाम आठवावा. बीटी कपाशी आली तेव्हा आता बोंडअळीची चिंता नाही, असेच सर्वत्र बोलले जात होते. सर्व क्षेत्रावर तीच कपाशी लागली. आश्रयाच्या ओळी लावण्यासाठी दिलेले वेगळे बियाणे बहुतेकांनी लावले नाही. फरदड उन्हाळ्यापर्यंत उभी राहिली. शेंदरी बोंडअळीने प्रतिकारशक्ती मिळविली आणि २०१७ मध्ये महाराष्ट्रात बोंडेच्या बोंडे किडली. कीड असो वा तण, निसर्गाचा नियम एकच आहे: एकच विष पुनःपुन्हा वापरले की त्यातून वाचणाऱ्यांची पैदास होते. हा दोष जनुकाचा नव्हे, एकाच साधनावर सर्वस्वी विसंबण्याचा आहे. उद्या रीतसर तपासणी होऊन एखाद्या तणनाशक सहनशील वाणास मान्यता मिळाली, तरी तो डवऱ्याचा सोबती म्हणूनच शेतात यावा. डवरा मोडीत काढण्यासाठी नव्हे.

आंतरपिकांचा विचार तर या चर्चेत जवळजवळ होतच नाही. कोरडवाहू कपाशीत तुरीचे तास, किंवा मूग-उडदाची एखादी ओळ, ही आपल्या भागातील शहाणपणाची पद्धत आहे. मूग-उडीद साठ-सत्तर दिवसांत निघतात. तोपर्यंत ते ओळींमधील जमीन झाकतात, तण दाबतात, आणि पोळ्याच्या सुमारास घरात डाळ व हाताशी चार पैसे आणून देतात. कपाशी बुडाली तरी तूर उभी राहते. ग्लायफोसेट फवारले की हे सर्व जाते, कारण त्यास कपाशीखेरीज कोणतेही झाड ओळखता येत नाही. स्वतःचे आंतरपीक सोडून दिले, तरी धुऱ्यापलीकडे शेजाऱ्याची तूर अथवा सोयाबीन असते. वाऱ्याने तुषार तिकडे गेले की पिकाचे नुकसान होते, आणि भावकीतील जुन्या भांडणात नव्या भांडणाची भर पडते.

आता बियाण्याच्या पाकिटाकडे वळावे. मान्यताप्राप्त बीटी बियाण्याच्या पाकिटास शासनाने ठरविलेली कमाल किंमत असते. २०२५ च्या हंगामात दुसऱ्या पिढीच्या बीटीसाठी ती ९०१ रुपये होती. त्यावर वाण, गट क्रमांक, उगवणशक्ती व चाचणीची तारीख छापलेली असते, आणि विक्रेत्याने पावती देणे बंधनकारक असते. उगवण झाली नाही, किंवा वाणात भेसळ निघाली, तर ती पावती व रिकामे पाकीट घेऊन शेतकरी तालुका पातळीवरील तक्रार निवारण समितीकडे जाऊ शकतो; पंचनामा होतो आणि भरपाईचा दावा उभा राहतो. चोर बियाण्यास यांतले काहीच नसते. त्यात तणनाशक सहन करण्याचा गुण किती बियांत आहे, बोंडअळीचा गुण आहे की नाही, ते संकराचे बी आहे की मागील वर्षाची सरकी रंगवून भरली आहे, हे घेणाऱ्यास कळण्याचा मार्ग नाही. फवारणीनंतर आठव्या दिवशी तणाबरोबर अर्धी कपाशीही वाळू लागली, तर तो कोणाचे दार ठोठावणार? ज्याने रात्री पाकीट आणून दिले त्याचा दूरध्वनी तोपर्यंत बंद झालेला असतो. बिचाऱ्यास गावात बोलताही येत नाही, कारण बोलावे तर स्वतःचाच गुन्हा कबूल करावा लागतो. फसवणाऱ्यास फसलेल्याच्या मौनाचे एवढे संरक्षण अन्य कोणत्याही व्यवहारात मिळत नसेल.

तणनाशकाची गोष्टही लक्षात ठेवावी. ग्लायफोसेटची आपल्या देशातील नोंदणी चहाचे मळे व पीक नसलेली जागा यांसाठी आहे. उभ्या कपाशीवर ते फवारण्याची शिफारस नाही. २१ ऑक्टोबर २०२२ च्या अधिसूचनेने केंद्र शासनाने त्याचा वापर परवानाधारक कीडनियंत्रण चालकांमार्फतच करण्याचा निर्बंध घातला. जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संशोधन संस्थेने २०१५ साली ते मनुष्यास संभवतः कर्करोगकारक असल्याचे म्हटले. अमेरिकेतील पर्यावरण खात्यासह काही नियामक संस्थांनी मात्र हे मत मान्य केलेले नाही. या वादाचा निकाल शेताच्या बांधावर लागणार नाही. परंतु २०१७ च्या पावसाळ्यात यवतमाळ जिल्ह्यात कीटकनाशकांच्या फवारणीत वीसहून अधिक शेतकरी व मजूर विषबाधेने दगावले, ही घटना वादातीत आहे. ती तणनाशके नव्हती, हे खरे. पण ज्या हातांना हातमोजे मिळाले नाहीत, तेच हात तणनाशकाचाही पंप मारणार आहेत.

मग साध्या, मान्य वाणाच्या कपाशीत तण आवरता येते काय? येते, मात्र त्याची सुरुवात जुलैत नव्हे, एप्रिल-मेमध्ये करावी लागते. कुंदा, हराळी आणि लव्हाळा ही बहुवार्षिक तणे आहेत. त्यांचे भांडवल जमिनीखाली असते. लव्हाळ्याचे पान उपटले की खालच्या गाठीतून दुसरे येते, आणि गाठींची माळ तुटली की निजलेल्या गाठीही जाग्या होतात. म्हणून पावसाळ्यात त्याच्यामागे लागण्याने श्रम मात्र वाया जातात. उन्हाळी नांगरटीने गाठी व काश्या वर आणून वैशाखाच्या उन्हात पूर्ण वाळू देणे, नंतर त्या वेचून बांधाबाहेर काढणे, हाच त्यावरील स्वस्त उपाय होय. कुंदा खोल असेल तेथे तो खणूनच काढावा लागतो. हे काम एका वर्षात संपत नाही. तीन उन्हाळे नेटाने केले तर शेताचे रूप पालटते.

मृगाच्या पहिल्या पावसाने तणाची पहिली झुंड उगवते. टोकणीपूर्वी वखराची एक उथळ पाळी देऊन ती मारावी. कोरडवाहू शेतकऱ्यास टोकणी चार दिवस लांबण्याची भीती वाटते, व ती अगदीच निराधार नाही. पण पेरणीयोग्य पाऊस, म्हणजे ७५ ते १०० मिलिमीटर, होईपर्यंत थांबावेच लागते. तेच थांबण्याचे दिवस वखरासाठी वापरावेत. टोकणी झाल्यावर, पीक व तण उगवण्यापूर्वी आणि जमिनीत ओल असताना, पेंडिमेथॅलिन हे तणनाशक जमिनीवर फवारावे. ३० टक्के प्रवाही औषध असल्यास हेक्टरी अडीच ते सव्वातीन लिटर, ५०० लिटर पाण्यातून. भारी जमिनीत वरची मात्रा घ्यावी. तूर, मूग, उडीद यांनाही ते चालते, ही त्याची जमेची बाजू. उगवणारे तण त्याने तीन-चार आठवडे दबते. झडीच्या नेमक्या दिवसांत हे संरक्षण हाती असते, म्हणून सर्व उपायांत या एका फवारणीकडे विशेष लक्ष द्यावयास हवे. कोरड्या ढेकळांवर मारले तर मात्र ते पैसे मातीत गेले असे समजावे. आणि गाठींतून फुटणारा लव्हाळा त्याला भीत नाही.

त्यानंतर डवरा. पहिली डवरणी टोकणीपासून तिसऱ्या आठवड्यात, पुढच्या दोन-तीन वाफसा मिळेल तशा. चौफुली पद्धतीने लावलेल्या कपाशीत डवरा आडवा व उभा असा दोन्ही बाजूंनी फिरतो, त्यामुळे झाडाभोवतीचे हातभर निंदणच तेवढे उरते. अलीकडे शिफारस होत असलेल्या सघन लागवडीत, जेथे ओळीत दोन झाडांचे अंतर १५ सेंटिमीटर असते, तेथे हा लाभ मिळत नाही. परंतु तेथे ओळी लवकर झाकतात. दोहोंपैकी काय निवडावे, हे जमीन पाहून ठरवावे. फॅशन म्हणून सघन लागवड करून मग निंदणास मजूर नाहीत अशी तक्रार करण्यात हशील नाही. ज्यांच्याकडे बैल नाहीत त्यांनी सायकल कोळपे घरी ठेवावे. ते एका माणसाने ढकलता येते, आणि सकाळी दोन तास उघडीप मिळाली तरी काम होते. भाड्याच्या जोडीची वाट पाहावी लागत नाही.

इतके करूनही झडीने गाठलेच, तर उगवलेल्या तणावर मारण्याची मान्य औषधे आहेत. रुंद पानांच्या तणांसाठी पायरिथायोबॅक सोडियम १० टक्के, हेक्टरी ६२५ ते ७५० मिलिलिटर. गवतवर्गीय तणांसाठी क्विझालोफॉप इथाइल ५ टक्के, हेक्टरी एक लिटर. दोहोंचे तयार मिश्रणही मिळते. तण दोन ते चार पानांचे असतानाच ती लागू पडतात. वीतभर तणावर मारून 'औषध बोगस निघाले' म्हणणे हा औषधावर अन्याय आहे. पहिल्या औषधाने कपाशीचे पान काही दिवस पिवळसर दिसते, त्याने घाबरू नये; मात्र ज्या शेतात तूर, मूग वा उडीद आहे तेथे ते मारू नये. क्विझालोफॉपने केना मरत नाही, कारण तो दिसण्यात गवतासारखा असला तरी गवताच्या कुळातील नाही. लव्हाळाही मरत नाही. ज्या पंपाने ज्वारीत किंवा बांधावर २,४-डी फवारले, तो पंप कपाशीस कदापि लावू नये. धुतलेल्या पंपातील अंशानेही कपाशीची पाने भेंडीच्या पानासारखी चिरतात आणि पात्या-फुले गळतात. तणनाशकाचा पंप वेगळा ठेवणे, व त्यास रंगाचा एक पट्टा ओढून खूण करणे, यास काहीच खर्च येत नाही.

केन्याबाबत एक सूचना स्वतंत्रपणे करणे जरूर आहे. त्याची तुटलेली कांडी ओल्या जमिनीवर पडली की पुन्हा मूळ धरते, आणि वरच्या निळ्या फुलांखेरीज जमिनीखालीही त्यास फुले येऊन बी धरते. म्हणून डवरणीनंतर झड लागण्याची चिन्हे असतील, तर उपटलेला केना ओळीत टाकून ठेवू नये. टोपल्यांनी गोळा करून बाहेर काढावा. जनावरे तो आवडीने खातात.

आता प्रश्न राहतो तो निंदणाऱ्या हातांचा. तणनाशकाच्या बाजूने बोलणारे मजुरीचा खर्च तेवढा दाखवितात. विरोधात बोलणारे भूमिहीन स्त्रियांचा रोजगार दाखवितात. दोन्ही खरे आहे. आषाढ-श्रावणात, जेव्हा गावात दुसरे काम नसते, तेव्हा निंदणाच्या मजुरीवर कित्येक घरांची चूल पेटते. पण दिवसभर चिखलात वाकून, पाठीवर पाऊस घेऊन केलेले हे काम सुखाचे आहे, असे कोणीही म्हणू नये. आणि अल्पभूधारकाच्या घरात हेच काम त्याची पत्नी व मुलगी बिनमजुरीने करतात, हेही विसरू नये. निंदण संपूर्ण नाहीसे करणे हे ध्येय नसावे. पेंडिमेथॅलिन व डवरा यांच्या योगाने त्याचा भार निम्मा करून, उरलेले निंदण वेळेवर, योग्य मजुरीने व रोख पैशाने करवून घेणे हे ध्येय असावे. त्यासाठी पीककर्जाची रक्कम जूनच्या आत शेतकऱ्याच्या हाती पडली पाहिजे. ती ऑगस्टमध्ये पडली तर ती तणाच्या मुळाशी जाते, आणि सावकाराचा रस्ता मोकळा राहतो.

विस्तार कार्यकर्त्यांच्या कामाचे वेळापत्रकही याच हिशेबाने बदलले पाहिजे. तण व्यवस्थापनाची शिबिरे बहुधा तण वाढल्यावर, जुलैच्या अखेरीस भरतात. तोवर पेंडिमेथॅलिनची वेळ टळून महिना झालेला असतो. अक्षय्य तृतीयेच्या सुमारास गावसभा घ्यावी, आणि कोणत्या शेतात कुंदा आहे, कोठे लव्हाळा, कोठे केना, याची यादी शेतकऱ्यांकडूनच करवावी. मान्य तणनाशके जूनच्या पहिल्या आठवड्यात गावाजवळच्या सेवा सहकारी संस्थेत किंवा परवानाधारक दुकानात आहेत की नाहीत, हे स्वतः जाऊन पाहावे. नसतील तर तालुक्यास तत्काळ कळवावे. गावात एक एकराचे शेत निवडून त्याचे दोन भाग करावेत. अर्ध्यात नेहमीप्रमाणे निंदण, अर्ध्यात वखराची पाळी, पेंडिमेथॅलिन आणि दोन डवरण्या. दोन्हीकडील मजुरीचा व औषधाचा खर्च शेतमालकाने रोजच्या रोज वहीत लिहावा, कार्यकर्त्याने नव्हे. पोळ्याच्या आदल्या आठवड्यात ती वही गावासमोर वाचावी. तोपर्यंत लोहाराकडून डवऱ्याची पास धारदार करून आणणे, पंपाचे झोत तपासणे आणि दोन पिपे स्वच्छ पाणी शेतावर नेऊन ठेवणे ही कामे मे महिन्याच्या रिकाम्या दिवसांत उरकून घेता येतील.